सचित्र ग्रंथ आणि हाताचे ज्ञान : सुशीकलेवरील पुस्तकांच्या निमित्ताने

प्रस्तावना

हस्तकौशल्याचे ज्ञान ग्रंथातून कितपत मिळू शकते, हा प्रश्न जुना आहे. पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही, हे सर्वमान्य आहे. तरीही कौशल्यांवरील पुस्तके लिहिली जातात, विकली जातात आणि ती वाचल्यावर आपण काहीतरी शिकलो असा प्रत्यय वाचकाला येतो. हा प्रत्यय खरा किती आणि भासमान किती, याची तपासणी समीक्षेने क्वचितच केली आहे. पाककृतींच्या पुस्तकांकडे तर वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची सवयच आपल्याकडे फारशी नाही.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरो यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशाने कारागिरांच्या व्यवसायांना विद्येच्या पंक्तीत बसवले. १७६२ ते १७७२ या काळात प्रसिद्ध झालेले त्याचे चित्रांचे ११ खंड म्हणजे कौशल्य कागदावर उतरवण्याचा एक महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १९६६ साली मायकेल पोलानी यांनी अव्यक्त ज्ञानाची संकल्पना सविस्तर मांडली. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक त्याला कळत असते, हा त्या विवेचनाचा गाभा. या दोन टोकांच्या मध्ये सचित्र कौशल्यग्रंथ उभा असतो. जे शब्दांत सांगता येत नाही ते निदान चित्रात दाखवता येईल, अशी त्याची श्रद्धा असते.

प्रस्तुत लेखात या श्रद्धेची तपासणी सुशी या जपानी पाककलेच्या संदर्भात केली आहे. हा विषय निवडण्यामागे तीन कारणे आहेत. एक, सुशीचे घटक मोजकेच असतात. भात, शिरका, मीठ, साखर, मासा आणि वासाबी एवढ्या सामग्रीवर सारा खेळ असल्याने बरेवाईट ठरते ते हातावर. दोन, ही कला तोंडी शिकवण्यापेक्षा पाहून शिकण्याची, किंबहुना गुरूच्या हातून नजरेने ‘चोरण्याची’ गोष्ट आहे, अशी त्या व्यवसायाची परंपरागत धारणा आहे. तीन, असे असूनही या कलेवर सचित्र पुस्तके मोठ्या संख्येने निघाली आहेत. मराठीत एखाद्या सुगरणीचे कौतुक करताना ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हटले जाते. ही हाताची चव पृष्ठावर उतरते का, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

सुशीची घडण

ग्रंथांचा विचार करण्यापूर्वी त्यांच्या विषयाची घडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत अपुरी आहे. या पदार्थाचे मूळ मासा टिकवण्याच्या पद्धतीत आहे. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून ठेवला की भात आंबतो आणि त्या आंबण्यातून निर्माण होणारे आम्ल माशाला सडू देत नाही. शिगा प्रांतातील बिवा सरोवराच्या परिसरात आजही केली जाणारी फुनाझुशी याच पद्धतीची आहे. ती मुरायला कित्येक महिने लागतात, प्रसंगी वर्ष उलटते. या जुन्या प्रकारात मासा खाल्ला जात असे आणि भात टाकून दिला जात असे. इसवी सन ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या राजकीय नियमसंग्रहात निरनिराळ्या प्रांतांकडून करादाखल येणाऱ्या वस्तूंत अशा सुशीचा उल्लेख आढळतो.

पुढील काही शतकांत आंबवण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि अखेरीस नैसर्गिक आंबटपणाची जागा शिरक्याने घेतली. १८०४ साली हांदा येथील मद्यनिर्माते नाकानो मातासाएमोन यांनी मद्याच्या चोथ्यापासून शिरका बनवण्याचा उद्योग सुरू केला आणि हा तांबूस शिरका एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुशीसाठी वापरला जाऊ लागला. १८२०च्या दशकात तेथे हाताने दाबून वळलेली निगिरी सुशी रूढ झाली. तिच्या प्रसाराचे श्रेय परंपरेने हानाया योहेई (१७९९-१८५८) यांना दिले जाते. ही सुशी हातगाडीवर उभ्याने खाण्याची होती आणि तिचा गोळा आजच्यापेक्षा बराच मोठा असे.

निगिरीच्या आजच्या रूपालाही इतिहास आहे. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतील अनेक कारागीर आपापल्या गावी परतले आणि निगिरी देशभर पोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईच्या काळात, १९४७ साली उपाहारगृहांवर निर्बंध आले. तेव्हा टोकियोच्या व्यावसायिकांनी अशी सोय मान्य करून घेतली की, ग्राहकाने एक ‘गो’ म्हणजे सुमारे १८० मिलिलीटर मापाचा तांदूळ आणून द्यावा आणि त्याच्या बदल्यात दहा नग न्यावेत. आज ज्या आकाराला सुशीचा शास्त्रशुद्ध आकार मानले जाते, तो दृढ होण्यात या रेशनिंगचा मोठा वाटा आहे. कौशल्यावरील ग्रंथ ज्याला ‘परंपरा’ म्हणून चित्रित करतात, ती अशी गरजेतून घडत आलेली असते. हे भान पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

निरीक्षकाचे चित्र

सुशीविषयीच्या सचित्र माहितीपर लेखनाचा एक ठळक पूर्वज म्हणजे कितागावा मोरिसादा यांचा ‘मोरिसादा मान्को’ हा संग्रह. १८१० साली ओसाकात जन्मलेले मोरिसादा पुढे एदोत स्थायिक झाले. १८३७च्या सुमारास त्यांनी आपल्या काळातील चालीरीती, पोशाख, धंदे आणि खाद्यपदार्थ यांच्या सचित्र नोंदी करायला आरंभ केला आणि सुमारे तीस वर्षे ते काम चालू ठेवले. त्यांच्या हयातीत हे लेखन छापले गेले नाही. आज मात्र त्या काळच्या नागरी जीवनाचे ते एक प्रमुख साधन मानले जाते.

मोरिसादा निगिरीचे प्रकार रेखाटतात आणि त्यांची नावे देतात. तळलेल्या अंड्याची वडी, झिंगा, पांढरा बारीक मासा, ट्यूना, कोहादा, गोडसर शिजवलेली समुद्री वाम असे हे प्रकार आहेत. किंमतही ते नोंदवतात. बहुतेक नग आठ मोन या नाण्यांना आणि अंड्याची गुंडाळी सोळा मोनच्या आसपास. काही प्रकारांत भात आणि मासा यांच्यामध्ये वासाबी घालतात, एवढा बारकावाही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

या चित्रांचे वैशिष्ट्य असे की ती शिकवत नाहीत. तांदूळ किती शिजवावा, हात कसा धरावा याविषयी ती मौन पाळतात. मोरिसादा गाडीच्या अलीकडे, रस्त्यावर उभे आहेत. त्यांची भूमिका निरीक्षकाची आहे आणि ओसाकाकडून आलेल्या माणसाला एदोतील जी गोष्ट वेगळी वाटते तिची ते नोंद करतात. म्हणूनच त्यांच्या चित्रात पदार्थाबरोबर त्याचा समाज येतो. आठ मोन ही किंमत वाचताना सुशी हे रस्त्यावरच्या माणसाचे खाणे होते, हे आपोआप कळते. कौशल्याची कृती हरवली आहे, पण कौशल्याचे स्थान टिकले आहे. नंतरच्या ग्रंथांत याच्या बरोबर उलट घडलेले दिसते.

कारागिराचे चित्र

१९८० साली कोदान्शा इंटरनॅशनल या प्रकाशनसंस्थेने शिझुओ त्सुजी यांचा ‘जॅपनीज कुकिंग : अ सिंपल आर्ट’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वाचकासाठी जपानी पाकशास्त्राची पद्धतशीर मांडणी करणारा हा ग्रंथ आजही प्रमाणभूत मानला जातो. २००६ साली त्याची पंचविसाव्या वर्षानिमित्तची आवृत्ती निघाली. ग्रंथाचा विषय समग्र जपानी स्वयंपाक हा असला, तरी सुशीकडे तो ज्या वाटेने पोचतो ती वाट येथे विशेष विचारात घेण्यासारखी आहे.

ग्रंथाच्या पहिल्या भागात जपानी जेवणाचे स्वरूप, सामग्री, भांडी आणि सुऱ्या येतात. त्यानंतर मासा निवडणे व कापणे, मूळ रस्सा, कच्च्या माशाचे काप, भाजणे, वाफवणे, शिजवणे अशा क्रियांची प्रकरणे आहेत. भाताचे प्रकरण आल्यानंतर सुशीचे प्रकरण येते. म्हणजे वाचक सुशीपर्यंत पोचतो तेव्हा सुरी, मासा आणि भात या तिन्ही विद्यांचा पाया, निदान कागदावर, त्याच्या हाती आलेला असतो. सुशीच्या व्यवसायात ‘भात शिजवायला तीन वर्षे, निगिरी वळायला आठ वर्षे’ अशा आशयाची म्हण प्रचलित आहे. त्सुजींच्या प्रकरणांचा क्रम म्हणजे या दीर्घ उमेदवारीचा जणू संक्षेप आहे. वर्षे गळून गेली आहेत, पण पायऱ्यांचा क्रम तसाच आहे. ग्रंथाची खरी अध्यापनदृष्टी या मांडणीत आहे.

चित्रांचा विचार करता, ग्रंथात रंगीत पृष्ठे असली तरी शिकवण्याचे मुख्य काम रेखाटने करतात. मासा कापण्याच्या पद्धतीचे उदाहरण घ्यावे. गोल अंगाच्या माशाचे दोन बाजूंचे मांस आणि मधला काटा असे तीन भाग केले जातात, तर चपट्या माशाचे चार मांसाचे तुकडे आणि काटा असे पाच. ही क्रिया निव्वळ शब्दांत सांगू गेल्यास वाचक दुसऱ्याच वाक्यात वाट चुकतो. छायाचित्रात ओले मांस, चकाकी आणि सावल्या एकमेकांत मिसळतात. रेषा मात्र निवड करते. सुरी कुठे शिरते आणि काट्याला लागून कशी सरकते, एवढेच ती ठेवते आणि बाकीचे गाळते. रेखाटनाचा आणखी एक गुण असा की ते छेद दाखवू शकते. उत्तम निगिरीत भाताचे कण बाहेरून एकसंध आणि आतून मोकळे, मध्ये हवा राहील असे असावे लागतात. ही आतली पोकळी कॅमेऱ्यासमोर ठेवलेल्या अखंड निगिरीत दिसणे शक्य नाही. छेदचित्रात ती सहज दाखवता येते.

या रेखाटनांतील हातांना चेहरा नाही. ते वृद्ध उस्तादाचे आहेत की तरुण विद्यार्थ्याचे, पुरुषाचे की स्त्रीचे, याचा पत्ता लागत नाही. हा तांत्रिक संकेत वरवर निरुपद्रवी वाटतो, परंतु त्याचा परिणाम दूरगामी आहे. बिनचेहऱ्याचा हात वाचकाला आपला हात त्या जागी ठेवण्याची मुभा देतो. ज्या व्यवसायात हात कोणाचा यावर प्रवेश अवलंबून होता, त्या व्यवसायाचे हे चित्रण आपोआपच खुले होते. ही बाब लेखकाच्या चरित्राशीही सुसंगत आहे. त्सुजी (१९३३-१९९३) हे सुशीगृहातील उमेदवारी करून वर आलेले कारागीर नव्हते. वासेदा विद्यापीठात फ्रेंच साहित्याचे अध्ययन, त्यानंतर ‘योमिउरी’ वृत्तपत्रातील वार्ताहराची नोकरी आणि १९६० साली ओसाकात पाकशिक्षणसंस्थेची स्थापना, असा त्यांचा प्रवास आहे. गुरूच्या घराऐवजी वर्गखोलीत कौशल्य शिकवता येते, ही त्यांची निष्ठा होती आणि ग्रंथ हा त्या वर्गखोलीचाच विस्तार आहे.

या ग्रंथाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. चेहरा नसलेल्या हाताला इतिहासही नाही. पहाटे बाजारात मासा निवडणारा, भांडी घासणारा, मालकाच्या रागाला तोंड देणारा उमेदवार या पृष्ठांवर कोठेच दिसत नाही. कौशल्यामागील श्रम गाळले की कौशल्य स्वच्छ आणि सुंदर दिसते. दुसरी मर्यादा व्यावहारिक आहे. जपानी मासेकापू सुरीला परंपरेने एकाच बाजूने धार असते आणि ती बहुधा उजव्या हातासाठी असते. त्यामुळे अशा सुरीची रेखाटने डावखुऱ्या वाचकाला जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. त्याला प्रत्येक चित्र मनात उलटे करावे लागते. बिनचेहऱ्याचा हात सर्वांचा वाटतो, पण तोही कोणत्यातरी एका बाजूचाच असतो.

भोक्त्याचे चित्र

त्सुजींच्या पाठोपाठ १९८१ साली त्याच प्रकाशनसंस्थेने किंजिरो ओमाए आणि युझुरु ताचिबाना यांचे ‘द बुक ऑफ सुशी’ हे पुस्तक काढले. येथे केवळ सुशी हाच विषय आहे. अमेरिकेत सुशीची लोकप्रियता वाढत असताना आलेल्या या पुस्तकाचा दर्शनी विशेष म्हणजे त्यातील रंगीत छायाचित्रे. कृतींची माहिती त्यात आहेच. परंतु मनावर जो ठसा उरतो तो मांडून ठेवलेल्या नगांचा, माशाच्या रंगांचा आणि लाकडी फळीच्या पोताचा.

दोन्ही पुस्तकांच्या आरंभी पाश्चात्त्य व्यक्तीचे लेखन आहे, ही बाब तुलनेसाठी उपयुक्त ठरते. त्सुजींच्या ग्रंथाला एम. एफ. के. फिशर या अमेरिकन अन्नविषयक लेखिकेची प्रस्तावना आहे, तर ओमाए-ताचिबानांच्या पुस्तकाला झां-पिएर रांपाल या विख्यात फ्रेंच बासरीवादकाची. अपरिचित खाद्यसंस्कृतीला ओळखीच्या नावाचा दाखला देण्याचा हा प्रकाशकीय व्यवहार आहे. तरीही दोन नावांत फरक आहे. फिशर स्वतः अन्नावर लिहिणाऱ्या आहेत, तर रांपाल हे येथे रसिक म्हणून येतात. दुसऱ्या पुस्तकाचा अभिप्रेत वाचक या निवडीतून सूचित होतो. तो प्रामुख्याने सुशीगृहाच्या फळीसमोर बसणारा भोक्ता आहे. समोर काय येते, त्याला काय म्हणतात, ते कशासोबत खावे, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

या प्रकाराला दुय्यम लेखण्याचे कारण नाही. पाहणारा जाणता झाला की करणाऱ्यावर जबाबदारी येते. संगीतात चांगल्या श्रोत्याला ‘कानसेन’ म्हटले जाते. सचित्र ग्रंथ सुशीच्या क्षेत्रात अशी जाणती नजर तयार करतो. कोहादा हा स्वस्त, छोटा, रुपेरी मासा मीठ आणि शिरका लावून तयार करतात. मीठ किती वेळ ठेवायचे हे माशाचा आकार, त्यातील चरबी आणि ऋतू यांवर ठरते. त्यामुळे कारागिराची परीक्षा महागड्या ट्यूनापेक्षा या साध्या माशात होते, असे जाणकार मानतात. अशी माहिती असलेला भोक्ता फळीसमोर बसला की त्याची आणि कारागिराची भाषा एक होऊ लागते. मात्र भोक्त्याच्या चित्राला मोहाचा धोका असतो. प्रकाशयोजनेने ट्यूनाचा लाल रंग खुलतो, पण ताजेपणाची खरी खूण असलेला वास आणि स्पर्श छायाचित्रात येत नाही. सुंदर दिसणारा मासा चांगलाच असतो, असा चुकीचा धडा वाचक नकळत गिरवतो.

चित्र कोठे थांबते

वरील विवेचनातून चित्राच्या सामर्थ्याबरोबर त्याची सीमाही स्पष्ट होते. निगिरीच्या कृतीत निदान चार गोष्टी चित्राबाहेर राहतात. पहिली, तापमान. शिरका मिसळलेला भात साधारणपणे अंगाच्या उबेइतका असावा, असे मानले जाते. दुसरी, दाब. बोटांनी उचलताना गोळा फुटता कामा नये आणि तोंडात मात्र तो सुटला पाहिजे. तिसरी, लय. हात, भात आणि मासा यांच्या हालचाली थांबत थांबत केल्या तर भात कोरडा पडतो आणि मासा तापतो. चौथी, सामग्रीतील फरक. नवा तांदूळ आणि जुना तांदूळ पाणी सारखे पीत नाहीत, त्यामुळे छापील माप दरवर्षी थोडे चुकतेच.

यांपैकी पहिल्या आणि चौथ्या गोष्टीसाठी शब्द मदतीला येतात, तिसरीसाठी चलच्चित्र. दाबासाठी मात्र पृष्ठ, पडदा आणि वाक्य ही तिन्ही माध्यमे अपुरी पडतात. २०११ साली प्रदर्शित झालेल्या डेव्हिड गेल्ब यांच्या ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ या माहितीपटात टोकियोच्या गिन्झा भागातील जिरो ओनो यांच्या हाताखालचा एक शिकाऊ कारागीर सांगतो की, त्याने बनवलेली अंड्याची वडी दोनशेहून अधिक वेळा नाकारली गेली. ही कथा सहसा उस्तादाच्या काटेकोरपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा लागतो. प्रत्येक नकार ही त्या शिकाऊला मिळालेली माहिती होती. ग्रंथ पायरी दाखवतो, पण वाचकाने केलेला नग पाहून ‘हे नव्हे’ असे म्हणू शकत नाही. ग्रंथाला नसतो तो हा नकाराचा अधिकार, आणि हाताचे शिक्षण बहुतांशी नकारातूनच होते.

चित्राची आणखी एक सीमा नैतिक स्वरूपाची आहे. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात. शिरका, मीठ किंवा वासाबी यांच्या नेहमीच्या वापराने त्या मरत नाहीत. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेनुसार मासा उणे २० अंश सेल्सिअस तापमानात किमान २४ तास गोठवणे किंवा पुरेसा शिजवणे हे त्यावरील उपाय आहेत. गोठवलेला मासा आणि न गोठवलेला मासा चित्रात सारखेच दिसतात. म्हणून अशा ठिकाणी चित्राने मागे सरून शब्दाला जागा दिली पाहिजे आणि तो शब्द निःसंदिग्ध असला पाहिजे. सुशीवरील कोणत्याही सचित्र ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्याच्या छायाचित्रांइतकेच हे एक पान तपासणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

उमेदवारी, ग्रंथ आणि प्रवेशाचा प्रश्न

ग्रंथ नकार देऊ शकत नाही ही त्याची उणीव आहे. तो कोणालाही नकार देत नाही, हेच त्याचे सामर्थ्यही आहे. पारंपरिक उमेदवारीत ज्ञान आणि अधिकार एकाच हातात असतात. कोणाला फळीमागे उभे राहू द्यायचे हे उस्ताद ठरवतो. स्त्रियांच्या बाबतीत त्यांचे हात उबदार असतात, त्यामुळे मासा बिघडतो, असे कारण या व्यवसायात दीर्घकाळ पुढे केले गेले. भात स्वतःच अंगाच्या उबेचा असावा अशी अपेक्षा असताना हे कारण किती तकलादू आहे, हे वेगळे सांगायला नको. २०१० साली टोकियोच्या अकिहाबारा भागात केवळ स्त्रियांनी चालवलेले ‘नादेशिको सुशी’ सुरू झाले, ते या समजुतीला प्रत्यक्ष उत्तर होते.

उमेदवारीच्या कालावधीविषयीही जपानमध्ये वाद झाला आहे. टोकियोत २००२ पासून सुशीचे मुदतबंद अभ्यासक्रम देणारी ‘टोकियो सुशी अकॅडमी’ कार्यरत आहे. २०१५ साली उद्योजक ताकाफुमी होरिए यांनी वर्षानुवर्षांच्या उमेदवारीवर जाहीर टीका केली. त्याच सुमारास, तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या कारागिरांच्या ओसाकातील एका सुशीगृहाला ‘मिशलॅं’ मार्गदर्शिकेच्या २०१६च्या आवृत्तीत वाजवी दरातील उत्तम उपाहारगृह म्हणून स्थान मिळाले. यावरून दीर्घ उमेदवारी निरर्थक होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. तिच्यातील काही वर्षे कौशल्यासाठी होती आणि काही वर्षे स्वस्त मजुरीसाठी व निष्ठेच्या परीक्षेसाठी होती, एवढे मात्र म्हणता येते. ही दोन प्रकारची वर्षे वेगळी करून पाहण्याची दृष्टी मिळायला क्रमवार मांडणी करणारे ग्रंथ मोठा आधार ठरतात. कोणती पायरी कशासाठी, हे एकदा छापले गेले की भांडी घासण्याला ‘शिक्षण’ म्हणणे अवघड होते.

चलच्चित्रांच्या आजच्या मुबलकतेत छापील सचित्र ग्रंथाचे प्रयोजन उरले आहे का, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. चलच्चित्र लय दाखवते, हे वर मान्य केलेच आहे. परंतु लयीच्या ओघात पायऱ्या एकमेकींत विरून जातात आणि कुशल हाताची सहजता पाहून कृती सोपी आहे, असा भ्रम होतो. ग्रंथ ती गती गोठवतो. दोन चित्रांच्या मधील कोऱ्या जागेत काय घडले असेल, याचा विचार वाचकाला करावा लागतो आणि हा विचार हाच शिकण्याचा आरंभ असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सचित्र कौशल्यग्रंथातील चित्र तटस्थ नसते. ते निरीक्षकाच्या, कारागिराच्या किंवा भोक्त्याच्या जागेवरून काढलेले असते. मोरिसादा, त्सुजी आणि ओमाए-ताचिबाना हे या तीन जागांचे प्रातिनिधिक नमुने होत. ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्याची जागा प्रथम निश्चित केली पाहिजे.

२. निवड, क्रम आणि छेद दाखवणे ही रेखाटनाची बलस्थाने आहेत. पोत, रंग आणि मोह ही छायाचित्राची आहेत. शिकवण्याच्या कामी रेखाटन अधिक उपयुक्त ठरते.

३. तापमान, दाब, लय आणि सामग्रीतील फरक या गोष्टी चित्राच्या कक्षेबाहेर राहतात. आपली ही सीमा प्रामाणिकपणे सांगणारा आणि आरोग्याच्या धोक्याविषयी स्पष्ट बोलणारा ग्रंथच विश्वासार्ह मानावा.

४. ग्रंथ उमेदवारीची जागा घेऊ शकत नाही. मात्र उमेदवारीत मिसळलेले ज्ञान आणि सत्ता यांचा पीळ सैल करण्याचे काम तो करतो.

समारोप

महाविद्यालयीन स्तरावर कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम वाढत असताना आणि प्रात्यक्षिकांच्या तासांची जागा सचित्र पुस्तिका व चित्रफिती भरून काढत असताना हा विचार केवळ सुशीपुरता राहत नाही. स्वयंपाक असो, विणकाम असो वा प्रयोगशाळेतील विच्छेदन असो, पुस्तिकेतील चित्र विद्यार्थ्याच्या नजरेला वळण लावते. हाताला वळण लावण्यासाठी त्याने केलेली वस्तू हातात घेऊन ‘हे जमले’ किंवा ‘हे जमले नाही’ असे सांगणारा शिक्षक लागतो. चांगला सचित्र ग्रंथ या शिक्षकाचे काम हलके करतो, कारण विद्यार्थी त्याच्याकडे येतो तेव्हा काय पाहायचे हे शिकून आलेला असतो. पुढे हाताला चव येते ती तांदळाच्या पातेल्याजवळ, अनेक फसलेल्या नगांनंतर.